‘सुचत नाही’ म्हणणाऱ्याला ढोंगी म्हणण्याआधी

महाशय,

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स या इंग्रजी कवीवर, न सुचण्यावरच्या त्याच्या सुनीतावर (म्हणजे चौदा ओळींच्या कवितेवर) लिहिलेल्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “न सुचण्यावर इतकं झकास सुनीत लिहिणाऱ्याला सुचत नव्हतं, हे आम्ही का मानावं? सगळं ढोंग. रिकामटेकड्यांचे चोचले. शिवाय लेख लांबलाय, आणि मराठी कवी दिसले नाहीत वाटतं?”

लेख लांबला, मान्य. छंदाबद्दलचा मधला भाग आवरता घेता आला असता. मराठी कवींवर वेगळं लिहीन, ते तेव्हा बघू. पण ‘ढोंग’ लिहिताना हात जरा तरी अडखळायला हवा होता. मतभेदाचं मला वावडं नाही. ही भाषा मात्र मी खपवून घेणार नाही, तीही वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी विषमज्वराने गेलेल्या माणसाबद्दल.

ढोंग करायचं तर ते कुणापुढे? त्याच्या कविता हयातीत जवळजवळ छापल्याच गेल्या नाहीत. तो १८८९ साली डब्लिनला वारला आणि पुस्तक निघालं १९१८ साली, तेही रॉबर्ट ब्रिजेस या मित्राने काढलं म्हणून. आपण काळाने खच्ची केलेला माणूस आहोत, हे तो मार्च १८८९च्या त्याच सुनीतात म्हणतो. पण हेच त्याने १८८५ साली ब्रिजेसला खासगी पत्रात लिहिलं होतं. चार वर्षं एकच ठणका! टाळ्यांसाठी कुणी असं करतं?

आणि ते ‘झकास’ सुनीत आपण मोठ्याने वाचलंत का? पाखरं घरटी बांधतात, एवढं म्हणून ओळ थबकते. मी नाही बांधत, म्हणते, पुन्हा थबकते. परत एक ‘नाही’, आणि मग नुसती वांझोटी धडपड. लहान लहान शब्द, प्रत्येकापाशी धाप. १८७७ साली ससाण्यावर लिहिताना याच कवीची ओळ एका दमात आभाळात जाते. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आटलेपण त्या धापेतच ऐकू येतं, वेगळा पुरावा कशाला हवा?

‘रिकामटेकडा’ म्हणालात. हॉपकिन्स डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रीक शिकवायचा आणि परीक्षेच्या शेकडो पेपरांखाली पिचलेला होता. मीही आयुष्यभर कॉलेजात शिकवलं. एप्रिल-मेमध्ये घरात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असायचे. रात्री लाल पेन खाली ठेवून वही उघडायची, वर तारीख घालायची, खाली काही नाही. नुसत्या तारखांची ती पानं अजून माझ्या कपाटात आहेत. त्या काळात एकच कविता हाती लागली, ती न सुचण्यावरची. तेवढंच उरलं होतं, म्हणून तेवढंच लिहिलं. त्याला कुणी चोचले म्हटलं की मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

आपल्यावर अशी वेळ आली नसेल तर आनंद आहे. उत्तर जरूर द्या, पण ते सुनीत आणि ब्रिजेसला लिहिलेली पत्रं वाचून द्या. आणि या वेळी स्वतःच्या नावानिशी.