पुस्तक लिहून झालं? आता कामाला लागा

पुस्तक लिहून झालं म्हणता? अभिनंदन. सोपा भाग संपला. लिहायला काय लागतं? एक खुर्ची, चार वर्षं आणि घरच्यांची सहनशक्ती. विकायला मात्र ओळखीतला एकूण एक माणूस लागतो, आणि तोही आठवड्यातून तीनदा.

पुस्तक छापखान्यातून यायची वाट बघत बसू नका. दोन महिने आधीच मुखपृष्ठाचा फक्त उजवा कोपरा टाका आणि वर लिहा, 'काहीतरी येतंय...' टिंबं तीनच द्या. चार दिली की लेखक नवखा आहे हे कळतं. मग दोन मुखपृष्ठं शेजारी शेजारी ठेवून 'अ की ब?' असं विचारा. शाळा सुटल्यापासून ज्यांनी पुस्तक उघडलेलं नाही, ते निळ्या रंगाच्या छटेवरून हमरीतुमरीवर येतील. बहुमत 'ब'ला मिळेल. 'अ' कधीच छापायला गेलंय, हे बोलायचं नाही. आणि मत देणाऱ्यांपैकी पुस्तक किती जणांनी घेतलं हे मोजायच्या फंदात पडू नका. मी पडलो होतो.

आता व्हॉट्सॲप. इथे जरा थांबू, कारण नव्या लेखकाचं निम्मं साहित्यिक आयुष्य इथेच जातं. एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६, पण तिथे एक मेख आहे. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणजे तुम्हाला आपलं मानणारी जेवढी म्हणून माणसं आहेत, शिक्षा बरोब्बर तेवढ्यांनाच. सुटलेल्यांसाठी ग्रुप आहेतच: शाळेचा, इमारतीचा, जुन्या ऑफिसचा, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाला काढलेला पण अजून कुणी बंद न केलेला. सगळीकडे टाका. टाकण्याआधी ग्रुपमध्ये काय चाललंय ते वाचू नका. वाचलंत तर धीर होणार नाही.

माझंच सांगतो. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी मी शाळेच्या ग्रुपवर मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि खरेदीची लिंक टाकली. नऊ-चौदाला कुणीतरी आमच्या वर्गशिक्षकांच्या निधनाची बातमी टाकली. मला ती दिसली नाही, कारण तेवढ्यात मी लिंक घेऊन पुढच्या ग्रुपवर गेलो होतो. परत येऊन बघतो तर जोडलेल्या हातांची ही रांग. मन भरून आलं. प्रत्येकाला मी वेगवेगळं उत्तर दिलं, 'धन्यवाद, असाच लोभ असू द्या.' एकाने लिहिलं होतं, 'कधीही न भरून येणारं नुकसान.' तिथे जरा अडखळलो, पण तो पहिल्यापासूनच खवचट. सातव्याने फोन केला.

(मेसेज काढून टाकावा असं मनात आलं होतं. पण तोवर खाली दोघांनी 'लिंक उघडत नाही' असं लिहिलं होतं. म्हणजे दोघांनी ती दाबून तरी बघितली होती. असे वाचक सहजासहजी मिळत नाहीत.)

फेसबुकवर ५,००० मित्र करता येतात, तेवढे करा आणि सगळ्यांना आळीपाळीने टॅग करा. पुस्तकातली वाक्यं सूर्यास्ताच्या फोटोवर छापा. वाक्य पुस्तकातलंच असलं पाहिजे असं काही नाही. माझ्या सर्वात गाजलेल्या वाक्याला मी अजून पुस्तकात कुठे बसवावं याचाच विचार करतोय.

त्यानंतर येतात अभिप्राय. ॲमेझॉनचा नियम असा की लेखकाच्या नातेवाइकांनी आणि जवळच्या मित्रांनी पुस्तकाचं परीक्षण लिहायचं नाही. नव्या लेखकाला असं सांगणं म्हणजे वाचकच बाळगू नकोस म्हणण्यासारखं आहे. तेव्हा दूरचे गाठा. मी मावसभावाला गाठलं. आमचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं, याहून दूरचं काय असणार? बिचाऱ्याला त्रास नको म्हणून मजकूरही मीच लिहून पाठवला. त्याने तो इमानदारीने जसाच्या तसा चिकटवला, अगदी 'खालील मजकूर शक्यतो स्वतःच्या शब्दांत टाकावा' या पहिल्या ओळीसकट. आणखी दोघांनी 'एका बैठकीत वाचून काढलं' असं लिहिलं, पुस्तक त्यांच्या घरी पोचायच्या आदल्या दिवशी.

लाज वाटत असेल तर परंपरेकडे बघा. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली आपला पहिला कवितासंग्रह स्वतःच काढला आणि त्यावरची निनावी परीक्षणंही स्वतःच लिहिली. हात आखडता न घेता लिहिली. एमर्सन या तेव्हाच्या बड्या लेखकाने त्याला खासगी पत्रातून शाबासकी दिली होती. त्यातलं एक वाक्य या पठ्ठ्याने, एमर्सनला न विचारता, १८५६च्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापलं. स्क्रीनशॉटचा मूळपुरुष तो. आता दुसरं टोक बघा. इंग्रज लेखक अँथनी बर्जेसने टोपणनावाने लिहिलेली कादंबरी १९६३ मध्ये एका वर्तमानपत्राने परीक्षणासाठी नेमकी त्याच्याकडेच पाठवली. त्याने परीक्षण लिहिलं आणि त्यात काय म्हणावं, तर पुस्तक घाणेरडं आहे, काहींना मळमळेल! बिंग फुटलं आणि परीक्षणाचं काम हातचं गेलं. स्वतःबद्दल लिहिताना माणसाने इतकं वाहवत जाऊ नये. (व्हिटमनच्या कविताही चांगल्या होत्या, पण तो मुद्दा इथे गैरलागू आहे.)

बेस्टसेलर व्हायचं असेल तर एक रात्र जागावं लागेल, बस्स. ॲमेझॉनवरचा विक्रीचा क्रमांक तासातासाला हलतो, आणि विभाग निवडणं तुमच्या हातात असतं. जिथे गर्दी नाही तिथे जाऊन उभे राहा. माझ्या कादंबरीत एक म्हातारा कुलूपं दुरुस्त करतो. तेवढ्या आधारावर मी ती हस्तव्यवसायांमध्ये घातली. रात्री दोन वाजता तीन प्रती खपल्या, त्यातल्या दोन मीच घेतल्या, आणि मी पहिला आलो. तीनच्या सुमारास विणकामाचं एक पुस्तक माझ्या वर गेलं. जाऊ दे. क्रमांक खाली येतो, स्क्रीनशॉट येत नाही. तेव्हापासून माझ्या नावामागे 'बेस्टसेलर लेखक' लागलंय. घरी वाणसामान आणायला मलाच पाठवतात, पण तेवढं चालायचंच.

सप्रेम भेटीच्या प्रतींबद्दल फार सांगत नाही. 'वाचून कळवतो' याचा अर्थ तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्हीही तो कुणालातरी पाठवलेला आहे.

एवढा चोख बंदोबस्त करूनही एक धोका राहतोच. एखादं माणूस पुस्तक वाचतं. त्याची तयारी ठेवा. मी ठेवली नव्हती. परवा एका अनोळखी बाईंचा मेसेज आला. अभिनंदन नाही, फूल नाही, जोडलेले हात नाहीत. 'शेवटच्या प्रकरणात म्हातारा बाहेरून कुलूप लावतो आणि दोनदा ओढून बघतो. पहिल्यांदा ओढतो तेव्हा आत कुणीतरी आहे हे त्याला माहीत असतं का? मी ते पान तीनदा वाचलं.'

मला आठवेना. लिहिताना माहीत होतं. त्या एका ओळीवर अख्खा आठवडा गेला होता, हेही आठवलं. दुसऱ्यांदा ओढायचं वाक्य मी काढून टाकलं होतं आणि पहाटे उठून परत घातलं होतं. पण का? प्रत शोधली तर घरात एकही नव्हती, सगळ्या सप्रेम भेट गेलेल्या. शेवटी फाइल उघडली, त्या पानापर्यंत पोचलो, पहिली ओळ वाचली, आणि नऊ वाजले. माझ्या पोस्टला सर्वात जास्त लाइक नऊच्या आसपास मिळतात. म्हणून बाईंना घाईघाईत लिहिलं, 'मनःपूर्वक आभार! हेच जरा पाच ताऱ्यांसह परीक्षण म्हणून टाकाल का? लिंक खाली देतोय.'

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

त्यांच्या मेसेजचा स्क्रीनशॉट मात्र लगेच टाकला. 'मी ते पान तीनदा वाचलं' एवढंच ठेवलंय. वरचा प्रश्न कापावा लागला, चौकटीत बसत नव्हता.