आदर्श भागधारक कसे व्हावे

मागच्या मंगळवारी सकाळी पावणेदहाला मेसेज आला: 'आज ११ वाजता भागधारकांची बैठक. उपस्थिती प्रार्थनीय.' खातं सरकारी. कुठलं ते सांगत नाही, खड्डा अजून माझ्याच दारात आहे. भागधारक म्हटल्यावर वाटलं, लाभांश मिळणार. मिळाला समोसा.

आमच्या नाशकात सिंहस्थ २०२७ तोंडावर आलाय, तेव्हा आज ना उद्या तुम्हालाही कुणीतरी 'विश्वासात' घेणारच. म्हणून हे चार शब्द.

वेळेवर जाऊ नका. मी गेलो, आणि सभागृह झाडणाऱ्या मावशींशी माझी चांगली ओळख झाली.

हजेरीपत्रकावर सही सुवाच्य करा. बैठक त्यासाठीच असते.

आपल्या भागाची माहिती मात्र चुकूनही सांगू नका. पडद्यावर आमच्या गल्लीतल्या पावसाळी गटाराचा नकाशा होता, सगळा इंग्रजीत. निळी रेघ सरळ चढाकडे निघालेली. आमच्या शेजारचे काका उठले. म्हणाले, "साहेब, पाणी इकडून येतं. इथला नाला बुजवला तेव्हापासून." साहेब हसले. "काका, हा ड्रोन सर्व्हे आहे." आता बोला! ज्या गावात पुराचं माप गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून घेतात, सराफ बाजारात पाणी कुठून शिरतं हे जिथं चहावाल्यालाही पाठ असतं, तिथं काकांचे चाळीस पावसाळे ड्रोनपुढे रद्दी! वर सल्ला काय, तर "सूचना लेखी द्या." दिली. आवकच्या खिडकीत बाई जेवायला गेलेल्या. आल्यावर म्हणाल्या, दोन प्रती आणा. आणल्या. मग कळलं, हे 'त्यांच्याकडे' येतं. 'त्यांनी' परत 'यांच्याकडे' वर्ग केलं. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, दोन्हीकडे शिक्का, उत्तर कुठेच नाही. शेवटी एका भल्या कारकुनानं हळूच सांगितलं, "कशाला फिरताय? कार्यारंभ आदेश गेल्या महिन्यातच निघालाय."

घरी आलो तर दारात जेसीबी.

ग्रुप फोटोत मागे उभे राहा. दुसऱ्या दिवशी तो 'नागरिकांशी यशस्वी संवाद' म्हणून फिरतो, आणि बायको विचारते, तुम्ही कशाला हसताय?

खरंच, कशाला हसत होतो मी?

अहो, ठेका देऊन झाल्यावर विचारता कशाला? ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ची. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या हव्यात, हे तेव्हाच लिहून ठेवलंय. आमच्याकडे मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं महापालिकेत प्रशासक. तेव्हा गटार तुंबलं तर हाक मारायला नगरसेवकसुद्धा नव्हता! आणि तुम्ही समोसे वाटून सहभाग मोजता? निविदेआधी बोलवा. नकाशा मराठीत, आठ दिवस आधी द्या. पाणी, वीज, रस्ते एका टेबलाशी बसवा, नाहीतर एकच रस्ता तिघं तीनदा खणतात. ज्याला निर्णय बदलता येतो असा माणूस खुर्चीत हवा, "वर कळवतो" म्हणणारा नको. सूचना नाकारायची तर खुशाल नाकारा, पण का नाकारली ते इतिवृत्तात लिहा. एवढं जमत नसेल तर बोलवू नका, आमची अर्धी रजा तरी वाचेल.

आणि त्या खड्ड्यावर आज एक फळी टाका. काकांना पहाटे दूध आणायला जायचं असतं.