गोळी सुरू करतानाच ती कधी थांबवायची तेही ठरवा

ताई, आधी तातडीचं. नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी आई प्रीगाबालिन या नसांच्या वेदनेवरच्या गोळ्या घेत होत्या, आणि त्या पडल्यावर 'परवा गोळ्या फेकूनच दिल्या' असं तुम्ही लिहिलंय. प्रीगाबालिन एकदम बंद केलं तर झोप उडते, घाम फुटतो, मळमळतं, आकडीचा आजार असेल तर झटकाही येऊ शकतो. ते निदान आठवडाभरात हळूहळू उतरवतात. आजच डॉक्टरांना फोन करा.

आता तुमचा आक्षेप: अशा गोळ्या मूळ दुखणं बरं करत नाहीत, नुसती गुंगी आणतात, आणि मी त्यांची भलामण करतो. पहिला भाग खरा आहे. नागिणीने दुखावलेली नस या गोळीने दुरुस्त होत नाही. त्या नसेकडून सतत सुटणारे संदेश तेवढे कमी होतात. पण बरगडीवर चादर टेकली तरी आग होते, कूस बदलली की जाग येते, असं तुम्हीच आईंबद्दल लिहिलंत. महिनोन्‌महिने झोप नसलेलं म्हातारं माणूसही खंगतं, तोल जाऊन पडतं. औषध न देण्याचाही धोका असतोच, आणि तो मोजायचा राहून जातो.

फायदा किती, तेही स्पष्ट सांगतो. उपचारांवरचं संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानुसार नागिणीनंतरच्या वेदनेत रोज ३०० मिलिग्रॅम प्रीगाबालिन घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे ३२ जणांचं दुखणं निम्म्याने तरी कमी झालं. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांत हा आकडा १३ होता. म्हणजे बहुतेकांना एवढा गुण येत नाही, तरी वर्षानुवर्षं गोळी चालूच राहते. माझा खरा राग त्यावर आहे. सुरू करतानाच तारीख ठरवा. रोज रात्री वहीत दुखण्याला दहापैकी गुण, झोपेचे तास आणि चक्कर आली का, एवढं लिहा. पुरेशा डोसवर काही आठवडे जाऊनही फरक नसेल तर डॉक्टरांना वही दाखवून गोळी उतरवायला सांगा.

चक्कर हा या औषधाचा अगदी नेहमीचा त्रास. ते लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर नेहमीचा डोसही जास्त होतो. आईंचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासलं होतं का? सोबत झोपेची गोळी किंवा ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक होतं का? या जोडीने श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये तसा इशारा दिलाय.

शेजारणीने सुचवलेलं अॅमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरचं औषध, नसांच्या वेदनेतही देतात) 'जुनं म्हणून निर्धोक' समजू नका. उतारवयात त्याने लघवी अडते, बद्धकोष्ठ होतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि तोलही जातो. आईंचं दुखणं एका पट्ट्यापुरतं आहे, तेव्हा डॉक्टरांना लिडोकेनच्या, म्हणजे त्वचेवर चिकटवायच्या बधिर करणाऱ्या औषधाच्या, पट्टीबद्दल जरूर विचारा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण औषध रक्तात फारच थोडं जातं, त्यामुळे गुंगीची भीती जवळजवळ नसते.