समोरच तर आहे!

ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आलात? अभिनंदन. बाल्कनीतून समोरच्या बाजूचं मेडिकल दिसतं, पाटीवरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. म्हणून लगेच चपला सरकवून निघू नका. आधी हाताचा सराव करा. उजवा तळहात छातीच्या उंचीवर, बोटं जुळलेली, आणि चेहऱ्यावर भाव असा की न्हावाशेव्याहून गुजरातला निघालेला तो कंटेनर आपल्या सख्ख्या मामाचाच आहे. ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण ज्याने काढली, तो बहुधा मानपाड्याला रस्ता ओलांडत असावा.

सिग्नलमधल्या हिरव्या माणसावर विसंबू नका. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून त्याची वेळ बसवतात. पंधरा सेकंदांत अठरा मीटर. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना हे गणित जमत नाही. हातात भाजीची पिशवी, दोन्ही गुडघे बदललेले. त्यांनी जरा वेग वाढवावा, गुडघे तर नवेच आहेत! नाहीतर पादचारी पूल आहेच की. गाडीवाल्याने सरळ जायचं आणि पायवाल्याने दोन मजले चढून उतरायचं, ही वाटणी न्यायाचीच म्हणायची. इंजिन थकतं हो.

फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी आणि त्याची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, असं रस्त्यांचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था सांगते. आमच्याकडची १.८ मीटर अशी भरते: विजेचा डीपी बॉक्स, त्याला टेकलेल्या दोन स्कूटर, एका बाजूने वर आलेलं गटाराचं झाकण आणि मग पेव्हर ब्लॉक. पावसाळ्यात सैल ब्लॉकवर पाय पडला की खालचं पाणी गुडघ्यापर्यंत उडतं. सैल कुठले ते पाठ करून ठेवा. माझ्या वाटेवरचा अकरावा.

बस स्टॉपवर उभं राहणारा माणूस नवखा समजावा. स्टॉपपुढे रिक्षा असतात, त्यामुळे बस दुसऱ्या लेनमध्ये थांबते. जाणकार आधीच तिथे जाऊन उभे असतात. बसमध्ये साठ माणसं असतात म्हणून तिला वेगळी लेन द्या, असली भाषा काढू नका. रस्त्यावर वाहनं नव्हे, माणसं हलायला हवीत, हे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात २००६ सालीच लिहून झालंय. एवढ्या जुन्या धोरणाला आता कुठे पळायला लावता?

सायकल असेल तर विका.

सर्व्हिस रोडवर तरी शाळेची पोरं, दूधवाले आणि उलट दिशेने येणारे (त्यात मीही) कसेबसे मावत होते. आता तो मुख्य रस्त्यात विलीन करायला घेतलाय. फार सोय झाली. गेटमधून पाऊल टाकलं की थेट हायवे, सगळे एकदमच मार्गी लागतात. पुढे वडाळा ते कासारवडवली मेट्रो ४ आहेच. स्टेशनपर्यंत चालत कसं जायचं, हे मात्र विचारू नका. मेट्रोत बसणाऱ्याला पाय असतात, हे नियोजनात नंतर येतं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एकदा तोंड उघडलं. लेन जरा अरुंद केल्या तर गाड्या आपोआप हळू येतील, क्रॉसिंगचा पट्टा फुटपाथच्या उंचीला आणा, दुभाजकात थांबायला जागा ठेवा, एवढंच म्हणालो. सगळे गप्प. मग एकाने मायेने विचारलं, “काका, तुमच्याकडे गाडी नाहीये का?” आहे हो. पार्किंगचा नंबर सांगितला तेव्हा कुठे चहा पुढे आला.

तेव्हा मेडिकलला जाताना रिक्षाच करा. किमान भाडं २६ रुपये, पण पुढच्या उड्डाणपुलाखालून यू-टर्न घेऊन येईपर्यंत मीटर कुठल्या कुठे जातो. परवा मी अठरा रुपयांच्या गोळ्या अशाच आणायला गेलो. परतताना दुसऱ्या रिक्षाला हात केला. कुठे जायचंय म्हणून त्याने विचारलं, मी बोटाने आमची बिल्डिंग दाखवली.

“समोरच तर आहे, चालत जा ना,” म्हणाला आणि निघून गेला.