२०२४चा चक्रीवादळांचा अंदाज फसला नव्हता

‘२०२४ साली अटलांटिकमध्ये वादळांचा कहर होणार म्हणून नुसती हवा केली, प्रत्यक्षात अंदाज सपशेल फसला,’ असा मेसेज अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर फिरतो आहे. हे चुकीचं आहे.

अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामानाच्या सरकारी संस्थेने मे महिन्यात १७ ते २५ वादळं, त्यातली ८ ते १३ हरिकेन (म्हणजे तीव्र चक्रीवादळं) आणि ४ ते ७ अतितीव्र, असा अंदाज दिला होता. नोव्हेंबरअखेर हिशेब झाला १८, ११ आणि ५. तिन्ही आकडे अंदाजात बसतात.

गैरसमज झाला तो मधल्या शांततेमुळे. जुलैच्या सुरुवातीलाच ‘बेरिल’ हे वादळ पाचव्या, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीला पोहोचलं. इतक्या लवकर तसं वादळ आधी कधी नोंदलं गेलं नव्हतं. पण ऑगस्टमध्ये ‘अर्नेस्टो’ गेल्यावर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत नाव देण्याजोगं एकही नवं वादळ आलं नाही, आणि तेही ऐन मोसमात. लोकांनी तिथेच निकाल लावला. नंतर ‘हेलीन’ २६ सप्टेंबरला फ्लोरिडात धडकलं आणि त्याच्या पावसाने समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातलं अ‍ॅशव्हिल बुडालं. पाठोपाठ ९ ऑक्टोबरला ‘मिल्टन’.

आणखी एक: मोसमाचा अंदाज वादळांची संख्या सांगतो, ती कुठे धडकतील ते नाही. १९९२चा मोसम एरवी शांतच होता, तरी त्यातल्या ‘अँड्र्यू’ने मायामीच्या दक्षिणेकडची वस्ती उद्ध्वस्त केली. म्हणून फ्लोरिडा-टेक्सासमधल्या आपल्या माणसांनी हा मेसेज वाचून तयारी ढिली करू नये, ही कळकळीची विनंती.