सत्ताविसाव्या खुर्चीवर बसताना

ब्रसेल्सला निघताना बॅगेत काय भरायचं ते तुमचे अधिकारी सांगतीलच. ते जे सांगणार नाहीत ते मी सांगतो.

आधी अभिनंदन! युरोपातल्या एका छोट्याशा देशाचे तुम्ही पंतप्रधान झालात. देश एवढा छोटा की नकाशावर त्याचं नाव शेजारच्या समुद्रात छापावं लागतं. मनाला लावून घेऊ नका. युरोपीय संघाच्या शिखर बैठकीत सत्तावीस खुर्च्या असतात आणि परराष्ट्र धोरणाचा विषय निघाला की सगळ्या एकाच उंचीच्या होतात. साडेपाच लाखांच्या माल्टाचा ‘नाही’ आणि सव्वाआठ कोटींच्या जर्मनीचा ‘नाही’ यांचं वजन तिथे सारखंच. संघाच्या कराराच्या एकतिसाव्या कलमात तसं लिहूनच ठेवलंय: निर्णय एकमताने. लग्नात वधूपक्षाला जो धाक एका रुसलेल्या विहीणबाईंचा असतो, तोच पंचेचाळीस कोटी लोकांच्या संघाला तुमचा. एवढं मोठं घबाड हाती आलंय, ते नीट वापरायला शिका.

पहिला धडा. ज्या गोष्टीवर तुमचा राग आहे तिला कधीही विरोध करू नका. विरोध भलत्याच गोष्टीला करायचा. २०२० साली बेलारूसमध्ये लुकाशेन्को निवडणूक ‘जिंकले’ आणि रस्त्यावर उतरलेल्या लोकांना पोलिसांनी बडव बडव बडवलं. निर्बंध लावायला हवेत यावर सगळ्यांचं एकमत होतं, सायप्रसचंही. पण सायप्रसचं दुखणं वेगळं होतं. त्याच्या समुद्रात तुर्कस्तानची जहाजं तेलवायू शोधत हिंडत होती. मग सायप्रस म्हणाला, आधी तुर्कस्तानचं बोला, मगच मिन्स्कचं (म्हणजे बेलारूसच्या राजधानीचं). बोलणी लांबत गेली. ज्या ब्रिटनने त्याच वर्षी संघाला रामराम ठोकला होता त्याने आणि कॅनडाने सप्टेंबरअखेर आपापले निर्बंध लावूनही टाकले. संघाचे आले ऑक्टोबरमध्ये. तोवर मिन्स्कच्या तुरुंगातल्या पोरांना निदान पूर्व भूमध्य समुद्राचा भूगोल तरी पाठ झाला असेल.

दुसरा धडा शब्दांचा. ‘पैसे’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. म्हणायचं ‘सार्वभौमत्व’. छातीवर हात ठेवून, थोडं थांबून, खिडकीतून लांब कुठेतरी बघत. आतून आकडा ठरलेला असला तरी बाहेर फक्त पूर्वजांचं रक्त दिसलं पाहिजे.

या बाबतीत हंगेरीचे तत्कालीन पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांची १४ डिसेंबर २०२३ ची संध्याकाळ प्रत्येक नवशिक्याने अभ्यासावी. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची की नाही, हा प्रश्न होता. हंगेरीची भूमिका जाहीर होती: प्राण गेला तरी नाही. आदल्याच दिवशी संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाने हंगेरीचे अडकवून ठेवलेले सुमारे १०.२ अब्ज युरो मोकळे केले होते. कारण अर्थातच न्यायव्यवस्थेतल्या सुधारणा, भलता संशय घेऊ नका. बैठक अडली तेव्हा जर्मनीचे चान्सलर शोल्त्झ यांनी सुचवलं, आपण जरा बाहेर जाऊन कॉफी का घेत नाही? ओर्बान उठले आणि गेले. दार लागलं. आतल्या सव्वीस जणांनी ‘एकमताने’ निर्णय घेऊन टाकला. घरी सांगायला झालं की मी हो म्हटलंच नाही, आणि ब्रसेल्सला सांगायला झालं की मी नाही म्हटलंच नाही. आमच्याकडे याला सापही मरावा आणि काठीही मोडू नये असं म्हणतात. तिकडे साप जिवंत, काठी शाबूत आणि वर कॉफी. (त्याच रात्री त्यांनी युक्रेनच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीला खोडा घातला, तो १ फेब्रुवारीला काढला. एका दौऱ्यात दोन हंगाम.)

बारीकसारीक सवलती मागायला लाजू नका. २०२२ च्या रशियाविरुद्धच्या सहाव्या निर्बंध-यादीत मॉस्कोचे धर्मगुरू किरिल यांचं नाव होतं. हंगेरीने धर्मस्वातंत्र्याचा दाखला देत ते काढायला लावलं. त्याच यादीत रशियन तेलावर बंदी आली, पण नळातून येणाऱ्या तेलाला माफी मिळाली. त्या नळाचं नाव ‘द्रुझ्बा’, म्हणजे मैत्री. आता मैत्रीवर कोणी निर्बंध घालतं का?

आणि यासाठी दरवेळी नकाराधिकार उगारावा लागतो असंही नाही. नुसतं खाकरलं तरी भागतं. अँटवर्पच्या हिरेबाजारासाठी बेल्जियम बराच काळ असंच खाकरत राहिला आणि रशियन हिऱ्यांवरची बंदी यायला २०२४ चा जानेवारी उजाडला. मग मात्र अशी कडक आली की मार्चपासून रशियन खडा सुरतेत पैलू पाडून आला तरी तो रशियनच. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेवाल्यांना ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कधी काही मिळवायचं नसेल, फक्त कोणाला दुखवायचं नसेल, तर निवेदन अडवा. त्याला खर्च शून्य. जून २०१७ मध्ये जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत संघ चीनबद्दल दोन शब्द बोलणार होता. ग्रीसने ते अडवले. म्हणे, असल्या टीकेतून काही निष्पन्न होत नाही. आदल्याच वर्षी ग्रीसच्या पिरेयस बंदराचा ५१ टक्के हिस्सा चीनच्या सरकारी जहाज कंपनीने घेतला होता, पण तो योगायोग. बंदरं काय, कोणीही घेतं.

तुमचे विरोधक लगेच इतिहास काढतील. त्यांचा लाडका दाखला पोलंडचा. १६५२ पासून तिथल्या संसदेत एका सरदाराने उठून ‘मला मान्य नाही’ म्हटलं की अख्खं अधिवेशन बाराच्या भावात जायचं. पुढे रशिया आणि प्रशिया त्यातले एकेक सरदार विकतच घेऊ लागले आणि शेवटी देशाचे तुकडे झाले. घाबरू नका, हाच इतिहास उलट्या बाजूने सांगा. पोलंडने हा अधिकार १७९१ च्या राज्यघटनेत रद्द केला आणि १७९५ मध्ये देश नकाशावरून पुसला गेला. व्हेटो काढला आणि चार वर्षांत देश गेला! तारखा दोन्ही खऱ्या आहेत, कोणी खोडून काढू शकणार नाही.

रुसून बसणं पोरकट दिसतं, असं कोणी म्हणालं तर फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष द गॉल यांचं नाव घ्या. १९६५ च्या जुलैपासून जानेवारीपर्यंत फ्रान्सची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती. शेवटी लक्झेंबर्गला सगळ्यांनी समजूत काढली की एखाद्याचं फारच महत्त्वाचं हित असेल तर मतदान न करता बोलत राहू. तुमचं घराणं केवढं थोर आहे ते लक्षात आलं ना?

आता दुसऱ्या पंगतीतल्यांविषयी. हे लोक म्हणतात, परराष्ट्र धोरणातही बहुमत आणा: सत्तावीसपैकी पंधरा देश आणि त्यांत ६५ टक्के लोकसंख्या, की झालं काम. शोल्त्झ यांनी २०२२ मध्ये प्रागला जाऊन हेच सांगितलं आणि पुढच्या वर्षी नऊ देशांनी ‘बहुमताचा मित्रगट’ काढला. ऐकायला फार गोड लागतं. त्यांना हात जोडून एवढंच विचारा, की आपण अल्पमतात पडू अशी एक रात्र तरी तुमच्या स्वप्नात आली आहे का? १९९१ च्या डिसेंबरात बारा देशांचं ठरलं होतं की क्रोएशिया आणि स्लोव्हेनियाला १५ जानेवारीला मान्यता द्यायची. जर्मनीला तीन आठवडे दम धरवला नाही, तिने २३ डिसेंबरलाच देऊन टाकली. बाल्टिकच्या तळातून रशियाची दुसरी वायुवाहिनी टाकताना पोलंड कानीकपाळी ओरडत होता, तर बर्लिन सांगत होतं, हा निव्वळ धंद्याचा मामला आहे. मोठ्यांना नकाराधिकार लागतोच कशाला? ते करून मोकळे होतात, मत नंतर घेतात.

बहुमताने काय होतं तेही २०१५ ला दिसलं. १,२०,००० निर्वासित वाटून घ्यायचा ठराव मतदानाने मंजूर झाला. हंगेरी, स्लोव्हाकिया, चेक आणि रोमानिया हरले. त्यांतले पहिले दोघे कोर्टात गेले, २०१७ मध्ये तिथेही हरले. आणि हंगेरीने त्या वाटपातला एकही माणूस घेतला नाही. ठराव फाइलीत सुखरूप आहे.

तरीही बहुमतवाल्यांची धास्ती वाटत असेल तर रात्री झोपताना एक कलम वाचत जा. एकमत सोडून बहुमताकडे जाण्याची सोय करारात आहे. मात्र तसं जायचं तर आधी सगळ्यांचं एकमत हवं. पेटीची किल्ली पेटीत, आणि पेटीवर तुम्ही बसलेले.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. लोक वैतागले की भिंत फोडत बसत नाहीत, शेजारून वाट काढतात. मार्च २०२५ मध्ये युक्रेनवरचा मजकूर सव्वीस जणांच्या नावाने निघाला, सत्ताविसाव्या हंगेरीसाठी कोणी थांबलंही नाही. गोठवलेल्या रशियन ठेवींचं नूतनीकरण दर सहा महिन्यांनी व्हायचं, म्हणजे वर्षातून दोनदा हमखास सुगी. त्या डिसेंबरात बाकीच्यांनी आर्थिक आणीबाणीचं एक कलम शोधून काढलं, ज्याला बहुमत पुरतं, आणि हंगेरी-स्लोव्हाकिया नको नको म्हणत असताना ठेवी बेमुदत गोठवल्या. सुगी बुडाली.

तेव्हा बैठकीत कोणी प्रेमाने ‘जरा कॉफी घेऊन येता का’ म्हणालं, तर उठण्याआधी दर ठरवून घ्या. परत येऊन विचारलंत, तर तुम्ही बाहेर गेला होतात हे आत कोणाच्या लक्षातही आलेलं नसेल.