कोण आहे का कट्ट्यावर?

वाद काढला मास्तरनं. हा खरा मास्तर नव्हे, नुसता चष्मा आणि आवाज तसा. झालं एवढंच, की पम्याचा अंगठा भडंगानं तेलकट झाला होता आणि गडी करंगळीनं स्क्रीन सरकवत होता.

"करंगळीपण कामाला लावलीस की लगा," मास्तर म्हणाला. "आपल्यालापण भोंगा पाहिजे. मोहित्यांच्या वडगावासारखा."

ते गाव आपल्याच सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं. लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन शाळेपायी पोरांच्या हातात फोन आला, तो शाळा उघडल्यावरही सुटेना. मग २०२२ साली गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत अभ्यास करा, वाचा, नाहीतर एकमेकांशी बोला. सुरुवातीला लोक मनावर घेईनात, तेव्हा अंगणवाडी सेविका, आशाताई दारोदार फिरल्या.

"सात ते साडेआठ मी झोपेतनं उठून डबा भरत असतो," बाळ्या म्हणाला. तो कुपवाड एमआयडीसीत, महिन्यातला निम्मा काळ थर्ड शिफ्टला. "तुमचा कट्टा मला महिन्यातनं चारदा मिळतो. बाकी दिवस ग्रुप हाच माझा कट्टा. पहाटे चारला मशीनपाशी उभा राहून तुमची भांडणं वाचतो मी. ते बंद केलं तर मी काय करू, भोंगा ऐकू?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मास्तरनं चहा सांगितला.

पम्याला तेवढ्यात जोर आला. म्हणे, फोननंच आपल्याला कट्ट्यावर आणलं. आठवतंय का, २००३पर्यंत इनकमिंगलापण पैसे पडायचे, म्हणून उचलायचं नाही असं ठरलेलं. एक मिस कॉल म्हणजे 'खाली ये', दोन म्हणजे 'बाप घरी आहे, थांब'. पुढं एसएमएसचं पॅक आलं. (नेमकं दिवाळीला आणि थर्टी फर्स्टला ते चालायचं नाही, तेव्हा शुभेच्छा आदल्या रात्री बाराच्या आत उरकायच्या. आमच्या पिढीनं दिवाळी एक दिवस आधी साजरी केली ती अशी.)

पम्याचं खोटं नाही. पण मला वाटतं, मिस कॉलमध्ये बोलायला जागाच नव्हती, म्हणून माणूस यायचा. आता सगळं फोनवरच बोलून होतं आणि यायचं राहून जातं. त्याच्याही आधी आपण गेटाशी उभं राहून हाक मारायचो. दार उघडायची ती आई. 'झोपलाय मेला, थांब उठवते,' म्हणत ती आत जायची, तोवर वडील पेपराआडून मार्क विचारायचे. मित्रापर्यंत पोचायला त्याच्या घरादारातनं जावं लागायचं. गेल्या वर्षी याच पम्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते मला दोन महिन्यांनी कळलं. रोज ग्रुपवर बोलत होतो आम्ही. दारात मात्र गेलो नव्हतो.

"मग मेसेज टाकायचा की, आई कशी आहे म्हणून," पम्या म्हणाला.

"टाकला असता. पण हाक मारायला आलो असतो तर विचारायची गरजच पडली नसती. वॉकर दिसला असता."

तो गप्प झाला. मलाच जरा जास्त बोलल्यासारखं वाटलं.

आणि कट्टा रोडावला तो, माझ्या मते, फोनमध्ये डोकं घालून बसण्यामुळं नव्हेच. कोण येणार हे आधी कळायला लागलं, त्यामुळं. पूर्वी कोण आलंय ते ठाऊक नसायचं, म्हणून बघायला सगळेच यायचे आणि बघायला आलेल्यांचाच कट्टा व्हायचा. आता साडेआठला ग्रुपवर पडतं, 'कोण आहे का?' एक लिहितो, 'आज नाही रे.' दुसरा नुसता अंगठा दाखवतो. मग तिसरा चप्पल काढून परत सोफ्यावर. सगळे घरी आणि सगळ्यांना पक्कं ठाऊक, की कट्ट्यावर कुणी नाही.

"म्हणजे न विचारता यायचं?" मास्तर.

"न विचारता यायचं."

दहाच्या आत बाळ्या डबा लावून निघाला. पुड्याचा कागद चुरगाळून आम्हीही उठलो.

मंगळवारी मी ग्रुपवर काही न लिहिता खाली उतरलो. पाऊण तास बसलो. दोन चहा झाले. तिसरा विचारताना चहावाला म्हणाला, "काय ओ, आज मेसेज टाकला नव्हता काय?"